धोंड्याची मॅच आणि बिनफेट्याचे दाजी

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या दाजींनी, मला उभ्या जन्मात एकही गोल मारला नाही. आणि उभ्या जन्मात मी जेवढे गोल खाल्ले, त्यातले बहुतेक सगळे दाजींमुळंच खाल्ले. हे मी गोलकीपर म्हणून सांगतोय. मेहुणा म्हणून सांगायचं तर माझी तक्रार याहून मोठी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मी काही उठत नाही.

आमचं गाव ईट. इथं शेती होते, बाजार भरतो, राजकारणाचं तर विचारूच नका. पण फुटबॉल? चारी बाजूंना कबड्डी, व्हॉलीबॉल, नाहीतर क्रिकेट. आमच्याकडं फुटबॉल आला तो कोल्हापूरकडून बदलून आलेल्या पी.टी.च्या सरांबरोबर. काही वर्षांनी सरांची पुन्हा बदली झाली. सर गेले, खेळ गावात राहिला. आता खेळायचं कुणाशी? शेजारच्या एकाही गावात संघ नव्हता. तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, जावई विरुद्ध मेहुणे लावा. अधिक महिन्यात, आमच्या बोलीत धोंड्याच्या महिन्यात, गावाचे झाडून सगळे जावई धोंडे खायला येतातच. दुपारी जेवण, उन्हं कलली की हायस्कूलच्या ग्राउंडवर मॅच. हा महिना तीन वर्षांतून एकदा येतो, म्हणून मॅचही तीन वर्षांतून एकदाच.

बक्षीस साधं होतं. ज्या जावयाच्या पायानं गोल होईल त्याला पारावर बसवून त्याच्या सासऱ्यानं फेटा बांधायचा, आणि त्याच्या बायकोची, म्हणजे गावच्या लेकीची, सगळ्या बायकांदेखत ओटी भरायची. एका वर्षी दोन साडू "गोल माझा, गोल माझा" म्हणून एकमेकांच्या अंगावर धावून गेले. तेव्हापासून जाणत्या माणसांनी पक्कं केलं की शेवटचा पाय ज्याचा लागला, फेटा त्याचा. बाकी काही ऐकून घ्यायचं नाही.

आम्ही मेहुणे खेळात यथातथाच होतो, पण डोक्यानं लई हुशार. जावयानं पानातलं टाकायचं नाही ही रीत आहे, आणि वाढायला मेहुणा असतो हीसुद्धा रीत आहे. या दोन रीती एकत्र केल्या की मॅच तिथंच निम्मी जिंकली. पुरणानं टम्म फुगलेले धोंडे, त्यावर तुपाची धार, वर गुळवणी, कटाची आमटी, भजी. "घ्या की जावईबापू, एवढ्यानं काय होतंय!" असं म्हणत आम्ही असा आग्रह करायचो की माणूस पाटावरून उठताना भिंत शोधायचा. शिवाय आहेराची नवी कापडं त्या दिवशी अंगात घालावीच लागतात. टेलर गावातलाच, म्हणजे तोही कुणाचा तरी मेहुणाच. पँट कंबरेला बेताची आणि मांडीला त्याहून बेताची शिवायची, एवढं त्याला सांगावंही लागत नसे. मग पळा म्हणावं आता.

अशा या जमान्यात ताईचं लग्न ठरलं. नवरा मुलगा आमच्याच भागातल्या वाशीजवळचा. शिकायला कोल्हापूरला गेला होता आणि तिथं पुस्तकं सोडून एका तालमीच्या फुटबॉल संघात शिरला होता. तिथं मॅचला माणसं झाडावर चढून बसतात म्हणे. पुढं पुण्याच्या एका सरकारी खात्यानं त्याला आपल्या संघात घेतलं. मधल्या फळीत खेळायचा. ही खबर ऐकून आम्हा मेहुण्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सोयरीक चांगली होती, पोरगा निर्व्यसनी होता, घरचं बरं होतं, याचं कुणाला काय! पुण्याच्या संघातला माणूस आपल्यावर गोल करणार, एवढंच आम्हाला दिसत होतं. ताईला मी सांगूनही बघितलं, "नको म्हण की त्याला." तिनं लाटणं उगारलं.

दाजींच्या पहिल्या धोंड्याला आम्ही काही म्हणता काही कमी पडू दिलं नाही. मी स्वतः वाढायला. दाजी खाली मान घालून खात होते. नको म्हणणं नाही, पुरे म्हणणं नाही. शेवटी आईच आतून ओरडली, "आरं, माणसाचा जीव घेतुयास का?" आणि पँट तर टेलरनं अशी शिवली होती की दाजींना खुर्चीत बसवेना. आम्ही एकमेकांना टाळ्या देत ग्राउंडवर गेलो.

मॅच सुरू झाली. दाजी मधोमध जाऊन उभे राहिले. उभे म्हणजे उभेच. कंबरेवर हात, पांढरा सदरा, कपाळावर आईनं लावलेलं कुंकू. मी म्हटलं, काम झालं, हा माणूस आता फक्त ढेकर देणार. एवढ्यात बॉल त्यांच्या पायाशी आला. ते पळाले नाहीत. त्यांनी मान उजवीकडं केली, आमची सगळी फौज उजवीकडं धावली, आणि बॉल डावीकडं गेला. तिथं कोण होतं? कळंबचा एक जावई, ज्याला धोंड्यांमुळं माघारी पळत यायला जमलं नव्हतं म्हणून तो बिचारा पुढंच दम खात थांबला होता. बॉल त्याच्या पायात आपसूक येऊन थांबला. त्याला फक्त पाय हलवायचा होता. तो त्यानं हलवला.

त्या दिवशी मी किती गोल खाल्ले ते विचारू नका, मी सांगणार नाही. गंमत म्हणजे एकही दाजींच्या पायाचा नव्हता. जो जावई जिथं पोट धरून उभा असेल, तिथं त्याला बॉल मिळायचा. इतरांना पळता येत नव्हतं, आणि कुणी पळावं अशी दाजींना गरजच वाटत नव्हती. आमचे धोंडे वाया गेले. पारावर एकेका जावयाला फेटा बांधला, एकेका लेकीची ओटी भरली, आणि आमची ताई नवी कोरी पैठणी नेसून बायकांच्या घोळक्यात रिकाम्या ओटीनं उभी. तिच्या मैत्रिणी विचारायला लागल्या, "का गं, तुझा तर पुण्याचा म्हणत हुतीस?"

ताईचा चेहरा मला अजून आठवतो. त्या दिवसापासून तिनं जिद्द धरली. फेटा पाहिजे. एकदा, एकदाच, पण यांच्या डोक्यावर फेटा पाहिजे आणि त्या सगळ्या भवान्यांसमोर ओटी पाहिजे.

दाजींचा पुण्याचा खेळ तीन-चार वर्षं चालला. मग गुडघा गेला. त्या खात्यानं त्यांना आधी बाकावर बसवलं, मग संघातून नाव काढलं. दाजी वाशीला परत आले आणि जळालेल्या मोटारी, पंपांची तार नव्यानं भरून द्यायचं दुकान टाकलं. पेपरात त्यांचं नाव कधी आलं नाही. पेपरवाले गोल करणाऱ्याचं नाव छापतात. एकदा मात्र फोटो आला. गोल करणारा हात पसरून पळतोय आणि फोटोच्या कडेला एक पाय. तेवढाच. ताईनं तो कागद लॅमिनेट करून आणला आणि भिंतीला लावला. घरी कुणी आलं की चहाच्या आधी ती फोटोवर बोट ठेवून सांगते, "हा पाय ह्यांचा." पाहुणे बिचारे पायाकडं बघून मान हलवतात. आता पायाला काय म्हणायचं माणसानं!

दाजी स्वतः खेळाबद्दल एक शब्द काढायचे नाहीत. पंपाबद्दल विचारा, तासभर बोलतील. मॅचबद्दल विचारलं की "बरी झाली" म्हणून गप्प. पण संध्याकाळी दुकान बंद करून वाशीच्या पोरापोरींना ते शिकवायचे, आणि त्याचा एक परिणाम असा झाला की आमच्या भागात हळूच सारून दिलेल्या बॉलला पोरं 'दाजी' म्हणतात. "एक दाजी टाक की!" असं भर मैदानात ओरडतात. ज्यांची बहीण अजून लग्नाची नाही तेही ओरडतात.

धोंडे येत राहिले. दर तीन वर्षांनी आम्ही नवी शक्कल काढायचो, दाजी ती मोडायचे, आणि दर वेळी फेटा दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर. तेरखेड्याचा एक जावई आहे, फटाक्याच्या कारखान्यात कामाला. तो गोल झाला की वाजवायला सुतळी बॉम्ब घेऊन माझ्या जाळ्यामागं बसायचा. पुढं पुढं तो इतका तयार झाला की गोलची वाटच बघायचा नाही. दाजींच्या पायातून बॉल सुटला की तो वात पेटवायचा. गोल आणि धमाका एकदमच. मी झेप घेतलेली असायची हवेत, आणि खाली येईपर्यंत कान बंद. असल्या अपमानाला काही सीमा असते की नाही?

ताई तिकडं धुसफुसायची. "तुमाला बॉल मारायला काय हुतंय वो? समोर असतंय की जाळं." दाजी म्हणायचे, "त्यो मोकळा हुता." दर वेळी तेच. "त्यो मोकळा हुता." एकदा ती चिडून म्हणाली, "आन् मी काय बांधलेली हाय?" त्यावर दाजी हसले आणि दुकानाला गेले.

या वेळच्या धोंड्याआधी डॉक्टरनं दाजींना सांगितलं, गुडघा आता एक मॅचसुद्धा सहन करणार नाही. दाजी म्हणाले, ही एक खेळतो, मग बंद. ताई त्याच दिवशी एसटीनं ईटला आली. दारात चप्पल काढायच्या आधीच मला म्हणाली, "ही शेवटची हाय. पुढल्या धोंड्याला ते खेळणार न्हायीत. तुला काय करायचं ते कर, पण गोल ह्यांचाच झाला पायजे." आणि माझी ताई, जिनं आयुष्यात माझ्यापुढं कधी मान खाली घातली नाही, ती डोळे पुसायला लागली.  मी म्हटलं, "आगं, रडतीस काय येड्यावानी? एक गोल म्हंजे काय मोठं. दिला."

दुसऱ्या दिवशी मी मेहुण्यांची बैठक घेतली. खतांच्या दुकानात, पोत्यांवर बसून. आमच्या संघाच्या इतिहासात पहिल्यांदाच हरण्यासाठी बैठक बसली होती. ठरलं असं की दाजींना कमी वाढायचं, पँट सैल शिवायची, बॉल त्यांच्या पायात आला की आम्ही सगळ्यांनी लांब पळायचं आणि मी बाजूला व्हायचं. जावयांनाही कानमंत्र दिला. त्यातले निम्मे दाजींच्या जिवावर फेटे बांधून घेतलेले, ते लगेच तयार झाले. फक्त दाजींना सांगायचं नव्हतं. त्यांनी ऐकलं असतं तर घरातून निघालेच नसते.

मॅचच्या दिवशी अख्खं गाव ग्राउंडवर. सगळ्यांना कट माहीत. दाजींना पानात दोनच धोंडे वाढले, तेव्हाच त्यांनी माझ्याकडं जरा रोखून बघितलं. "आजारी हायस का रं?" म्हणाले.

खेळ सुरू झाला आणि सगळी पंचाईतच झाली. दाजी बॉल घेऊन वर आले की आम्ही पाखरं उडावीत तसे पांगायचो. जावई तर बॉल पायात आला की दाजींनाच परत द्यायचे. मैदानावर बाकी कुणी नसल्यासारखं झालं. दाजी थांबायचे, इकडं तिकडं बघायचे, आणि तरीही कुणाला तरी शोधून काढून देऊन टाकायचे. तो जावई घाबरून परत दाजींकडं. पब्लिक ओरडायला लागलं, "मारा! दाजी, मारा!" बायकांच्या बाजूनं माझ्या आईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. हाफटाइम झाला, तरी गोल शून्य. मेहुण्यांनी जन्मात पहिल्यांदा गोल अडवायला बघितलं नव्हतं आणि जन्मात पहिल्यांदाच एकही झाला नव्हता.

शेवटची काही मिनिटं राहिली. दाजी लंगडत होते. त्यांच्या पायात बॉल, समोर मी. ठरल्याप्रमाणं मी डाव्या बाजूला असा काही पडलो की नाटकात काम मिळालं असतं. जाळं अख्खं मोकळं. पब्लिक उठून उभं राहिलं. तेरखेडकरानं वात पेटवली.

दाजी बॉल घेऊन चालत चालत आले. पळाले नाहीत. थेट माझ्यापाशी आले. मी जमिनीवर लोळत होतो, ते वाकून हळूच म्हणाले, "ऊठ. कशाला करायलास ह्ये?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी धडपडत उठलो, जाळ्यासमोर उभा राहिलो. त्यांनी दोन बोटांनी मला नीट मधोमध सरकवलं आणि बॉल अलगद माझ्याच पायाकडं सारला. "धर. आता परत सुरू कर."

मी बॉल उचलायला वाकणार, तेवढ्यात धडाम! बॉम्ब फुटला, आणि माझ्या पाठीमागंच फुटला. मी दचकलो. माझा उजवा पाय आपोआप उडाला, बॉल टाचेला लागला आणि सुईऽऽ करत माझ्याच जाळ्यात. मॅच तिथंच संपली.

 मग जे हसू फुटलं म्हणता! माणसं एकमेकांच्या अंगावर पडायला लागली. जावई जिंकले होते. पण गोल कुणाचा? पारावर जाणती मंडळी बसली. मी म्हटलं, "दाजींचा! त्यांनीच दिला की बॉल!" ताईनं बायकांतून ओरडून सांगितलं, "ह्यांचाच!" पण नियम म्हणजे नियम. शेवटचा पाय ज्याचा लागला, फेटा त्याचा. मी हात जोडले, पाया पडायची तयारी केली, कुणी ऐकेना. मला, गावच्या मेहुण्याला, आडदांड गोलकीपरला, पारावर बसवून जावयाचा फेटा बांधला. माझा सासरा परांड्याला, म्हणून माझ्या बापानंच बांधला, आणि बांधताना कानात म्हणाला, "गाढवा." माझ्या बायकोची ओटी भरली. तिच्या तोंडाला पदर, खांदे गदागदा हलताहेत. सगळ्यांत जास्त कोण हसत होतं? दाजी. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

हसत नव्हती फक्त ताई. ती ओटीला थांबलीच नाही, घरी निघून गेली. मला ते बघवेना. फेट्यासकट मी तिच्या मागं गेलो. ती ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. थोड्या वेळानं दाजी लंगडत आले. बाजेवर बसले, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली. मी म्हटलं, आता ताई आमच्या दोघांचीही सालटी काढणार. मी जरा दाराकडं सरकून उभा राहिलो.

ताई दाजींकडं वळून बसली. मग म्हणाली, "हाफटाइमच्या आधी, चिंचेच्या झाडाच्या बाजूला. तुमी बघायलाव कळंबच्या जावयाकडं, आन् बॉल दिला पाठीमागं. तितं तर कुणीच न्हवतं. मग त्यो भूमचा जावई तितं कसा काय आला वो?"

दाजींचा हात गुडघ्यावर तसाच राहिला. "त्यो येणारच हुता," ते म्हणाले.

"त्याला तरी ठावं हुतं का?"

"न्हाय. त्याला न्हवतं."

"मग तुमाला कसं कळलं?"

दाजी ताईकडं बघत राहिले. त्या एका बॉलचा गोल झाला नव्हता, त्यावर कुणी टाळी वाजवली नव्हती, भूमच्या जावयानं तो घाबरून लगेच परत दिला होता. मी गोलात उभा होतो, मला स्वतःला तो आठवत नव्हता.

"काय बघायलाव? सांगा की," ताई चिडून म्हणाली. "दर वक्ती मी जाळ्याकडंच बघत बसायची, कोण मारतंय म्हणून. आज म्हटलं, हे मारणार. म्हणून पयल्यापासनं तुमच्यावरनं डोळा हलवला न्हाय. आमाला काय कळत न्हाय व्हय?"

दाजींनी बर्फाची पिशवी बाजूला ठेवली. गुडघा विसरून ते पुढं वाकले. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

"तू बघितलास त्यो बॉल?" त्यांनी विचारलं.

"तेच सांगायले की कवापासनं."

दाजी बाजेवर जरा सरकले, ताईला बसायला जागा केली, आणि पुन्हा विचारलं, "खरंच बघितलास?"